कर्जत-खालापूरचा पाऊस: ६५ मि.मी.ची रेषा, मंडळाचे एक यंत्र आणि आपली स्वतःची नोंद

समजा, ऑक्टोबरचा तिसरा आठवडा आहे. हळवे भात कापून खाचरात पसरलेले आहे. दुपारी साडेतीनला डोंगराकडून ढग येतो, पाऊण तास कोसळतो आणि कापलेले भात पाण्यावर तरंगू लागते. दुसऱ्या दिवशी मंडळाचा पाऊस बघितला तर ३८ मि.मी. नोंदलेला. अतिवृष्टीची शासकीय रेषा मात्र महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी. अशी आहे. म्हणजे नुकसान डोळ्यांसमोर आहे आणि कागदावर अतिवृष्टी झालेलीच नाही.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ही अडचण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात येते. जुलैत ६५ मि.मी. आपल्याकडे नवल नाही, त्या दिवशी आवणी सुरू असते आणि कोणी तक्रारही करत नाही. खरे नुकसान करणारा पाऊस ऑक्टोबरचा, आणि तो थोडा वेळ, थोड्या जागेत, जोराने पडतो. दिवसाच्या एका आकड्यात तो मावत नाही. म्हणून या लेखात दोन गोष्टी एकत्र घेतल्या आहेत. पावसाच्या आकड्यावर आज काय काय अवलंबून आहे, ही पहिली. गावाने आपली नोंद टाइम सीरिज डेटाबेसमध्ये ठेवून ती नीट विचारायची कशी, ही दुसरी. दुसरा भाग थोडा तांत्रिक आहे. पण कर्जत लोकलने रोज ठाणे-मुंबईला जाणारी, संगणकावर काम करणारी मुले-मुली आता प्रत्येक गावात आहेत. तो भाग त्यांच्या हाती द्या.

आकड्यावर काय टांगलेले आहे

राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. २०१७ पासून कृषी विभाग आणि स्कायमेट यांच्या भागीदारीत ती चालतात. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी होते. आपल्यापर्यंत पोहोचतो तो बहुतेक वेळा दिवसाचा एक आकडा, महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय दिसणारा.

या एका आकड्यावर पहिला निर्णय ठरतो तो अतिवृष्टीचा. दुसरा 'सततच्या पावसा'चा. २०२३ मध्ये राज्याने सततच्या पावसाला नैसर्गिक आपत्ती मानले. त्याची पहिली चाळणी अशी: सलग पाच दिवस दररोज किमान १० मि.मी. पाऊस, आणि त्याच काळातल्या दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा तो ५० टक्के किंवा अधिक जास्त. कोकणात पहिली अट पावसाळ्यात सहज पूर्ण होते, दुसरीवर गाडी अडते. यात 'सलग' हा शब्द लक्षात ठेवा. मधल्या एका दिवसाची नोंद यंत्र बंद पडल्याने गेली, तर साखळी तुटते.

तिसरा निर्णय आंबा बागायतदारांचा, आणि माझ्या मते आकड्याशी सर्वांत थेट बांधलेला तोच आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात पंचनामा होत नाही. अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वेगाचा वारा यांच्या ठरवलेल्या मर्यादा संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीत ओलांडल्या गेल्या तर भरपाई, नाहीतर नाही. तुमचे मंडळ अधिसूचित असेल तर त्या केंद्राचे यंत्र तुमच्या बागेचे साक्षीदार असते, तुम्ही स्वतः नसता.

भातासाठी मात्र चित्र बदलत राहिले आहे. २०२३ च्या खरिपात आलेली एक रुपयातली पीकविमा योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा २ टक्के आहे आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठरते. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान ही कलमे राज्याने त्या वेळी वगळली. म्हणजे वर सांगितलेले तरंगणारे भात विम्यातून बाहेर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरच्या पावसाने कोकणात कापलेले भात भिजले, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून भात पाण्याखाली जाण्याची जोखीम स्थानिक आपत्तीत पुन्हा घेता येईल. २०१८ मध्ये ती काढून टाकली होती. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत, ॲपवर फोटोसह द्यायची आहे. आपल्या जिल्ह्याच्या अधिसूचनेत हे कलम आले आहे का, ते विमा भरण्याआधी कृषी सहायकाकडून वाचून घ्या. आले असेल तर "पाणी नेमके कधी, किती वेळात चढले" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच.

एक मंडळ, एक यंत्र, मध्ये डोंगर

मंडळात केंद्र एक असते आणि त्याखाली वीस-तीस गावे. देशावरच्या सपाट तालुक्यात हे चालून जाईल. आपल्याकडे नेरळपासून माथेरानचा माथा सरळ रेषेत काही किलोमीटरवर, पण उंचीचा फरक सातशे मीटरांहून अधिक. खोपोली घाटाच्या पायथ्याला, वावोशी मोकळ्यावर. एका बाजूला धो धो आणि दुसऱ्या बाजूला ऊन, हे आपण रोज बघतो.

याची सर्वांत कडू आठवण खालापूर तालुक्यातलीच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच तेव्हा सांगितले. एका पर्जन्यमापकाने दरड थांबली असती असे कोणी म्हणू नये. परंतु डोंगरावरच्या वाडीत गेल्या तीन दिवसांत किती पाऊस पडला, हे पायथ्याच्या यंत्रावरून ओळखावे लागते, ही स्थिती बदलण्यासारखी नक्की आहे. केंद्राच्या 'विंड्स' आराखड्यात ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचे आहेत. ते आपल्या पंचायतीत येईपर्यंत, आणि आल्यानंतर पडताळणीसाठीही, गावाची स्वतःची नोंद कामाला येईल.

साधन फार महाग नाही. टिपिंग बकेट प्रकारचे मापक घ्यावे. आतली चमच्यासारखी वाटी ठरावीक पावसाने भरली की कलंडते, बहुतेक मापकांत ०.२ मि.मी.ला एकदा. मापक बसवताना जवळचे झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडा. शाळेचे मैदान उत्तम, घराची पागोळी जिथे गळते ती जागा सर्वांत वाईट. तपासणीही सोपी आहे. तोंडाचा व्यास २० सें.मी. असेल तर ३१४ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मि.मी. पाऊस. बारीक धारेने तेवढे पाणी ओता, ०.२ मि.मी.च्या मापकात वाटी ५० वेळा कलंडायला हवी. चाळीसच वेळा कलंडली तर जाळीत पाला किंवा कोळिष्टक अडकले आहे. फार जोराच्या पावसात अशी मापके थोडा कमी आकडा देतात, हेही ध्यानात ठेवा आणि शेजारी एक साधे हाताने मोजायचे मापक ठेवा.

नोंद पाठवताना

पावसाची नोंद एक्सेलमध्ये का ठेवू नये? एका पावसाळ्यापुरती ठेवता येईल. दहा मिनिटांना एक नोंद म्हटली की दिवसाच्या १४४ आणि वर्षाच्या पन्नास हजारांवर ओळी होतात. तीन मापके, शिवाय तापमान आणि आर्द्रता, अशी पाच वर्षे गेली की एक्सेल धापा टाकू लागते. टाइम सीरिज डेटाबेस हा खास वेळेनुसार येणाऱ्या आकड्यांसाठी बनवलेला असतो. इन्फ्लक्सडीबी हा त्यातला सर्वाधिक वापरातला, मोफत मिळणारा. पुढचे वर्णन त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे आहे. तिसरी आवृत्ती आली आहे, पण तिच्या मोफत प्रकाराचा भर अलीकडच्या दिवसांच्या नोंदींवर आहे. आपल्याला दहा वर्षांची सरासरी काढायची आहे.

या डेटाबेसशी बोलायला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. वेब एपीआय आहे, म्हणजे ब्राउझर जशी वेबपेजची मागणी पाठवतो तशीच मागणी मापकाजवळचे छोटे उपकरण इंटरनेटवरून पाठवते. सर्व्हरच्या पत्त्यापुढे लेखनाचा मार्ग, त्यात संस्थेचे नाव, बकेटचे नाव (बकेट म्हणजे नोंदींची कोठी) आणि वेळेचे एकक. सोबत टोकन, म्हणजे किल्ली. मजकुरात नोंदीची एक ओळ, अशी:

पाऊस,गाव=कळंब,मापक=शाळा मिमी=२.४ १७५३५८४६००

पहिला शब्द कसली नोंद आहे ते सांगतो. त्याला स्वल्पविरामाने चिकटलेली गाव आणि मापक ही ओळखपट्टी, म्हणजे टॅग. मग मोकळी जागा सोडून प्रत्यक्ष मोजमाप, आणि शेवटी वेळ, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत. वरचा आकडा म्हणजे २७ जुलै २०२५, सकाळी ८ वाजून २० मिनिटे. नावे मराठीत चालतात. अंक मात्र प्रत्यक्ष पाठवताना इंग्रजी लिपीतलेच हवेत, इथे छापताना देवनागरी घेतले आहेत.

नोंद नीट पोचली की सर्व्हर २०४ हा क्रमांक देतो आणि बाकी काही बोलत नाही. नवख्या माणसाला वाटते काही झालेच नाही. ४०१ आले तर किल्ली चुकली, ४०० आले तर ओळ चुकली. दोन्ही वेळा उपकरणाने ती नोंद फेकून न देता जपून ठेवली पाहिजे.

इथे चार ठिकाणी घोटाळे होतात आणि चारही कोकणात हमखास होतील.

पहिला वेळेच्या एककाचा. एकक सांगितले नाही तर डेटाबेस वेळ नॅनोसेकंदांत आहे असे धरतो. मग तुमचा सगळा पावसाळा १ जानेवारी १९७० च्या पहाटे साडेपाचला जाऊन पडतो. चूक दाखवली जात नाही, उत्तर २०४ च येते. नंतर जुलैचा पाऊस विचारला की पाटी कोरी. लेखनाच्या मार्गात एकक सेकंद आहे, हे स्पष्ट लिहा.

दुसरा वेळच न पाठवण्याचा. ओळीत वेळ नसेल तर सर्व्हर स्वतःच्या घड्याळाची वेळ लावतो. आता आपल्याकडचा प्रकार बघा. जोराचा पाऊस सुरू झाला की वीज जाते, पाठोपाठ मोबाइलचे नेटवर्क जाते. उपकरण बॅटरीवर मोजत राहते आणि तीन तासांनी नेटवर्क आल्यावर साठलेले सगळे एकदम पाठवते. वेळ ओळीत नसेल तर तीन तासांचा पाऊस एका क्षणात पडला असे दिसेल, किंवा शेवटची नोंदच उरेल. म्हणून उपकरणात बॅटरीवर चालणारे घड्याळ घ्या आणि शिक्का तिथेच मारा. ज्या रात्रीची नोंद सर्वांत मोलाची, त्याच रात्री नेटवर्क नसणार हे धरूनच चालायचे.

तिसरा ओळखपट्टीचा. नोंदीचे नाव, सगळे टॅग आणि वेळ जुळले तर डेटाबेस जुन्या आकड्यावर नवा लिहितो. याचा एक फायदा आहे: पोचली की नाही शंका असेल तर तीच ओळ पुन्हा पाठवा, पाऊस दुप्पट होत नाही. तोटा असा की गावात दोन मापके असतील आणि दोघांच्या ओळीत फक्त 'गाव=कळंब' असेल, तर एक दुसऱ्याला पुसत राहील. 'मापक' हा टॅग त्यासाठीच आहे.

चौथा किरकोळ. पहिली नोंद पूर्णांकाच्या स्वरूपात गेली तर पुढे दशांश असलेली नोंद नाकारली जाते. पाऊस पहिल्या दिवसापासून दशांशातच पाठवा, शून्य असला तरी ०.०.

किल्ल्या दोन करा. उपकरणाला फक्त लिहिण्याची, गावकऱ्यांना फक्त वाचण्याची. आणि बकेट बनवताना साठवणीची मुदत 'कायम' ठेवा. तीस दिवसांची ठेवलीत तर डेटाबेस प्रामाणिकपणे जुने पुसत जाईल.

दिवस कुठे सुरू होतो

प्रश्न विचारणे लिहिण्यापेक्षा अवघड आहे, कारण चुकीचा प्रश्न विचारला तरी उत्तर येतेच.

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा असतो आणि तो संपण्याच्या तारखेला नोंदला जातो. २६ जुलै २००५ हा दिवस आपण कोणी विसरणार नाही. पण सांताक्रूझचा तो ९४४ मि.मी.चा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आहे. हवामान विभागाच्या तक्त्यात तो २७ तारखेला सापडतो. तसेच २६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदीच्या खोऱ्यात पाऊस पडला आणि २७ च्या सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली. मध्यरात्रीला दिवस तोडला तर असा रात्रीचा पाऊस दोन तारखांत वाटला जातो आणि दोन्ही तारखा साध्या दिसतात.

डेटाबेस मात्र वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. काहीच न सांगता "दिवसाची बेरीज दे" म्हटले तर तो आपल्या पहाटे साडेपाचला दिवस सुरू करतो. तो दिवस ना आपल्या कॅलेंडरचा, ना हवामान खात्याचा. आपले सकाळचे ८.३० म्हणजे जागतिक वेळेचे पहाटे ३. म्हणून बेरजेची खिडकी एक दिवसाची ठेवून तिला तीन तासांचा सरकाव, म्हणजे ऑफसेट, द्यायचा. एवढा एक आकडा घातला की आपली बेरीज आणि हवामान खात्याचा दिवस एका रेषेत येतात. प्रश्नाचा कालावधीही ८.३० लाच सुरू आणि ८.३० लाच बंद करा, नाहीतर पहिला आणि शेवटचा दिवस अर्धवट येतो.

आता तारखेची गंमत. दुसऱ्या आवृत्तीत फ्लक्स आणि इन्फ्लक्सक्यूएल अशा दोन भाषांत प्रश्न विचारता येतो. फ्लक्स खिडकीला तिच्या शेवटाची वेळ लावते, इन्फ्लक्सक्यूएल सुरुवातीची. पाऊस तोच, बेरीज तीच, पण एकीत २७ तारीख आणि दुसरीत २६. हवामान खात्याशी फ्लक्सची रीत जुळते. तलाठी कार्यालयात तक्ता घेऊन जाण्याआधी कुठल्या भाषेतून काढला आहे ते पाहा. तारीख एका दिवसाने सरकलेला कागद दिला, की बाकीचे बरोबर असलेले आकडेही कोणी वाचत नाही. महारेनवरच्या मंडळाच्या आकड्याशी तुलना करतानाही त्याचा दिवस कुठून कुठे मोजला आहे ते कृषी कार्यालयात विचारून घ्या.

आणखी एक बारकावा. ८.२० ते ८.३० या दहा मिनिटांचा पाऊस कालच्या दिवसाचा. त्यावर ८.३० चा शिक्का मारला तर डेटाबेस तो आजच्या दिवसात टाकतो, कारण खिडकीची सुरुवात आत धरली जाते आणि शेवट बाहेर. म्हणून वरच्या उदाहरणात दहा मिनिटांच्या सुरुवातीची वेळ, ८.२०, घेतली आहे. ऐन ८.३० ला सर आली तर ६४ आणि ६६ मधला फरक याने पडू शकतो.

उत्तर येते तेव्हा वेळ पुन्हा जागतिकच असते. दुपारी साडेतीनची सर उत्तरात सकाळी दहाची दिसेल. तक्त्यात रूपांतर केल्याशिवाय तो कोणाला देऊ नका.

हे सगळे जुळवले तरी ६५ च्या रेषेचा मूळ प्रश्न उरतो. पहाटे पाचपासून साडेआठपर्यंत ४० मि.मी. आणि साडेआठपासून दुपारपर्यंत ४० मि.मी. पडला, तर सात-आठ तासांत ८० मि.मी. होऊनही दोन्ही दिवस रेषेखाली राहतात. डेटाबेसला सरकती खिडकी मागता येते: दर दहा मिनिटांनी, मागच्या २४ तासांची बेरीज, आणि त्यातली सर्वांत मोठी. "२४ तासांत ६५ मि.मी." या शब्दांचा साधा अर्थ मला तरी सरकत्या खिडकीचाच वाटतो. शासकीय व्यवहारात ठरलेला दिवस वापरला जातो आणि त्यामागे सोय आहे, वाईट हेतू नाही. पण दहा मिनिटांची नोंद राज्याकडे आधीच आहे, ती मोजायला जास्त खर्च नाही. ऑक्टोबरसाठी तासाभराच्या जोराचा निकष का असू नये, हा प्रश्न ग्रामसभेच्या ठरावातून पुढे जायला हवा. कापलेल्या भाताला २४ तासांची गरज नसते.

नोंद नसणे म्हणजे पाऊस नसणे नव्हे

कोरड्या दिवशीही उपकरणाने दर दहा मिनिटांनी ०.० पाठवलेच पाहिजे. तरच मधली पोकळी ओळखता येते. बेरीज मागताना नेहमी दुसरा प्रश्न जोडा: या दिवशी किती नोंदी आहेत? १४४ असतील तर आकडा पूर्ण. ९० असतील तर नऊ तास यंत्र गप्प होते आणि बेरजेपुढे तसे लिहा. रिकाम्या जागी शून्य भरण्याची सोय या भाषांत असते, आलेख त्याने छान दिसतो. पावसासाठी ती वापरू नका. सततच्या पावसाची पाच दिवसांची साखळी किंवा फळपीक विम्यातली सलग तीन दिवसांची अट अशा भरलेल्या शून्याने मोडते, आणि मोडल्याचे कोणाला कळतही नाही.

मंडळाच्या शासकीय आकड्यालाही हाच प्रश्न विचारा. ३८ मि.मी. हे १४४ नोंदींचे आहेत की ११० नोंदींचे?

पावसाशिवाय आर्द्रता आणि तापमानाचा संवेदक जोडला तर पिकासाठीही उपयोग होतो. भातावरच्या करप्याला ९० टक्क्यांच्या वरची आर्द्रता, ढगाळ हवा आणि बराच वेळ ओले राहिलेले पान मानवते. दिवसाच्या सरासरी आर्द्रतेतून हे कळत नाही, "काल रात्री सलग किती तास ९० च्या वर होती" यातून कळते. असे दोन-तीन दिवस लागोपाठ दिसले की फवारणीआधी खाचरात उतरून पाने बघा. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात भाताचेच काम चालते, कर्जत-३, कर्जत-७ या जाती तिथल्याच. वाणाची रोगाला सहनशीलता किती, हे तिथे विचारून ठेवा. चेतावणीचा आकडा वाणागणिक बदलावा लागेल.

हा तक्ता कुठे चालतो

स्पष्ट सांगायचे तर तुमच्या मापकाचा आकडा शासकीय पुरावा नाही. पंचनाम्याचा निर्णय मंडळाच्या केंद्रावरच होईल आणि फळपीक विमा कंपनी तुमच्या शाळेतले मापक मानणार नाही. उपयोग वेगळ्या जागी आहे. "आमच्याकडे खूप पाऊस पडला" या तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. "२१ तारखेला दुपारी ३.३० ते ४.१० या चाळीस मिनिटांत आमच्या मापकावर ५२ मि.मी., त्याच वेळेत मंडळाच्या केंद्रावर किती?" या प्रश्नाला आकडाच द्यावा लागतो.

तो आकडा माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतो. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्या. माहिती त्यांच्याकडे नसेल तर ज्यांच्याकडे आहे तिकडे अर्ज वर्ग करणे त्यांचे काम आहे. "पावसाची माहिती मिळावी" असे लिहिलेत तर दिवसाचा तक्ता हातात पडेल. मंडळाचे नाव, तारीख, वेळ कुठून कुठे, दर दहा मिनिटांची नोंद, त्या दिवशीच्या एकूण नोंदींची संख्या आणि यंत्र बंद असल्यास तो कालावधी, असे सुटे सुटे मागा. माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागण्याची तरतूद कायद्यात आहे. तशी मिळाली की तीच ओळ 'मापक=मंडळ' असा टॅग लावून आपल्या बकेटमध्ये लिहिता येते आणि दोन्ही पाऊस एका आलेखावर येतात.

तीस दिवस थांबणे विम्याच्या ७२ तासांत बसत नाही, म्हणून सूचना आधी द्या, अर्ज मागाहून. फोटोवरची वेळ आणि मापकाच्या नोंदीची वेळ जुळते का, तेवढे तपासून ठेवा. उपकरणाचे घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी मिळवा.

मापक बसवायला जूनची वाट पाहू नका. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बसवा, ३१४ मिलिलिटरची चाचणी घ्या, आणि पंधरा दिवस नुसती शून्ये येऊ द्या. रोज १४४ शून्ये पोचत आहेत असे दिसले की यंत्र, नेटवर्क आणि किल्ली तिन्ही ठीक आहेत.